ड्यूक ऑफ वेलिंग्टन: या वंशपरंपरागत किताबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

असईच्या लढाईवर वाचलेले, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे, लंडनला जाऊन ॲप्सली हाऊस बघून आलेले, अशा सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून ते एका जागी घेतलेत. आधी साधे आहेत, पुढे पुढे किचकट होत जातात. प्रत्येक उत्तर एकेकटं वाचलं तरी चालेल, आणि जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तिथे नंबर दिलाय.

१. ड्यूक ऑफ वेलिंग्टन हे माणसाचं नाव आहे की पदवी?

पदवी. हा किताब पहिल्यांदा मिळालेला माणूस म्हणजे ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्ली, जन्म १७६९, डब्लिन. त्याला मे १८१४ मध्ये हा किताब मिळाला आणि तो वंशपरंपरागत असल्यामुळे त्याच्यामागे मुलाला, मग पुतण्याला, असा आजपर्यंत चालत आलाय. सध्याचे ड्यूक नववे आहेत, जन्म १९४५. म्हणजे "ड्यूक ऑफ वेलिंग्टनने अमुक केलं" असं कुठे वाचलं की आधी साल बघायचं, कारण तेव्हाचा ड्यूक वेगळा असू शकतो. आणि १८०३ च्या लढायांबद्दल लिहिताना "वेलिंग्टनने असई जिंकली" असं सर्रास लिहितात, पण तेव्हा वेलिंग्टन नावाचा किताब अस्तित्वातच नव्हता, तो साधा मेजर जनरल वेलस्ली होता.

२. मग शाळेत शिकलो तो तैनाती फौजवाला लॉर्ड वेलस्ली म्हणजे हाच का?

नाही, तो याचा मोठा भाऊ. हे कन्फ्युजन सगळ्यात जास्त आहे आणि ते होणं साहजिक आहे कारण दोघं एकाच वेळी भारतात होते आणि एकाच युद्धात गुंतलेले होते.

मोठा रिचर्ड, १७९८ ते १८०५ गव्हर्नर जनरल. तैनाती फौजेचं धोरण त्याचं, आणि ३१ डिसेंबर १८०२ चा दुसऱ्या बाजीरावाबरोबरचा वसईचा तह त्याच धोरणातला. धाकटा आर्थर सैन्यातला. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडल्यावर तिथला कारभार त्याच्याकडे आला, एप्रिल १८०३ मध्ये तो पुण्यात पोचला, मे महिन्यात बाजीराव परत गादीवर बसला, आणि मग ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला, २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड असं करत त्याने दौलतराव शिंदे आणि दुसरे रघुजी भोसले यांच्या फौजांचा दख्खनमधला जोर मोडला. डिसेंबरातच भोसल्यांबरोबर देवगावचा आणि शिंद्यांबरोबर सुर्जी अंजनगावचा तह झाला.

दोघांचे किताब पण वेगळे. मोठ्याचे अर्ल ऑफ मॉर्निंग्टन, हा बापाकडून आलेला, आणि मार्क्वेस वेलस्ली, हा १७९९ मध्ये स्वतः कमावलेला. धाकट्याचा वेलिंग्टन. मोठ्याच्या किताबांचं पुढे काय झालं ते १२ मध्ये आहे, तो भाग नक्की वाचा, या सगळ्या इतिहासातला सगळ्यात चांगला भाग तोच आहे असं मला वाटतं.

३. ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन, यात मोठं कोण?

तुम्ही लिहिलंय त्याच क्रमाने, ड्यूक सगळ्यात वर आणि बॅरन सगळ्यात खाली. या पाचांना मिळून पिअरेज म्हणतात. "सर" म्हणजे नाइट, तो यात येत नाही आणि तो मुलाकडे जात नाही. बॅरोनेट हा आणखी वेगळा, तो वंशपरंपरागत असतो पण पिअरेजमध्ये धरत नाहीत (१६ बघा).

राजघराण्याबाहेरचे ड्यूक आज तीस सुद्धा नाहीत. बॅरन शेकड्यांनी आहेत, त्यामुळे ड्यूक किती दुर्मिळ ते लक्षात येईल. बोलण्याची पद्धत पण वेगळी, खालच्या चौघांना "लॉर्ड अमुक" म्हटलेलं चालतं, ड्यूकला "ड्यूक" किंवा औपचारिक असेल तर "युअर ग्रेस". म्हणून १८०९ ते १८१४ या काळात आर्थरला "लॉर्ड वेलिंग्टन" म्हणणं बरोबर आहे आणि १८१४ नंतर चूक.

४. एकाच माणसाला इतके किताब कसे मिळाले? एकदम मिळाले का?

टप्प्याटप्प्याने, पण पाच वर्षांच्या आत, आणि ते सगळे स्पेन पोर्तुगालमधल्या नेपोलियनविरुद्धच्या लढायांमुळे. १८०४ मध्ये भारतातल्या कामगिरीबद्दल तो नाइट झाला होता, म्हणजे सर आर्थर. मग जुलै १८०९ मध्ये तालावेरा जिंकल्यावर बॅरन डूरो आणि व्हायकाउंट वेलिंग्टन हे दोन्ही एकदम (डूरो ही पोर्तुगालमधली नदी, त्याच वर्षी मे महिन्यात ती ओलांडून त्याने फ्रेंचांना ओपोर्तोतून हुसकलं होतं). जानेवारी १८१२ मध्ये सियुदाद रोद्रिगो घेतल्यावर अर्ल, त्याच वर्षी जुलैत सालामांका जिंकल्यावर मार्क्वेस, आणि १८१४ मध्ये नेपोलियनने गादी सोडल्यावर ड्यूक.

हा सगळा काळ तो मोहिमेवर होता, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये (ब्रिटिश पार्लमेंटचं वरचं सभागृह) बसायला मिळालंच नव्हतं. २८ जून १८१४ ला तो पहिल्यांदा तिथे गेला तेव्हा बॅरनपासून ड्यूकपर्यंतच्या सगळ्या सनदा एकाच दिवशी वाचून दाखवल्या गेल्या.

इथेच एक गोष्ट पक्की करून घ्या कारण पुढच्या सगळ्या उत्तरांना ती लागणार आहे. वरचा किताब मिळाला म्हणून खालचा जात नाही. प्रत्येक किताबाची सनद वेगळी, तो कोणाकडे जायचा याची अट त्या त्या सनदेत लिहिलेली, आणि आज जे "ड्यूक ऑफ वेलिंग्टन" आहेत ते त्याच वेळी मार्क्वेस ऑफ डूरो, मार्क्वेस ऑफ वेलिंग्टन, अर्ल ऑफ वेलिंग्टन, व्हायकाउंट वेलिंग्टन आणि बॅरन डूरो पण आहेत, शिवाय आयर्लंडचे आणि परदेशी किताब वेगळेच. बहुतेक पिढ्यांमध्ये सगळे एकाच माणसाकडे आले म्हणून ती एकच वस्तू वाटते, ती एक नाहीये.

५. असई इतकी मोठी लढाई होती तर "असईचा लॉर्ड" असा किताब का नाही मिळाला?

हा प्रश्न जालना, संभाजीनगरकडून जास्त येतो आणि तो अगदी योग्य आहे. असई भोकरदन तालुक्यातलं गाव, केळना आणि जुई नद्यांच्या बेचक्यातलं. तिथे शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि जवळपास शंभर तोफा होत्या, आणि वेलस्लीच्या छोट्या फौजेतले दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, काही जण तर मेल्याचं सोंग करून पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून पुन्हा मारा सुरू केला. वेलस्लीने म्हातारपणी सुद्धा आपली सगळ्यात चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घेतलं, वॉटर्लूचं (१८१५, जिथे त्याने नेपोलियनला हरवलं) नाही. आपल्या लोकांनी काय टक्कर दिली ते त्यावरून कळतं, आणि हे आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

तरी पण किताब नाही. एक तर तो मेजर जनरल होता, सरसेनापती होता जनरल लेक, जो त्याच वेळी उत्तरेत शिंद्यांशी लढत होता. किताब गेला लेकला, १८०४ मध्ये "बॅरन लेक ऑफ दिल्ली अँड लासवारी". भारतातल्या ठिकाणाच्या नावाने किताब देत नव्हते असं अजिबात नाही, श्रीरंगपट्टण घेणाऱ्या जनरल हॅरिसला पण १८१५ मध्ये "सेरिंगपटम अँड म्हैसूर" असा किताब मिळालाच, आणि तो अजून चालू आहे. दुसरं म्हणजे भारतात केलेल्या लढाईला लंडनमध्ये युरोपातल्या लढाईइतकी किंमत नव्हती. असईचं नाव राहिलं ते पलटणींच्या निशाणांवर, हत्तीच्या चित्रासकट.

६. वेलिंग्टन हे नाव आलं कुठून? त्याचं गाव होतं का?

त्याचा त्या गावाशी काही संबंध नव्हता. १८०९ मध्ये किताब ठरला तेव्हा तो स्वतः मोहिमेवर, विचारायला वेळ नाही, म्हणून लंडनमध्ये भाऊ विल्यमने नाव सुचवलं. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात वेलस्ली आडनावाशी जुळणारं एक ठिकाण आहे, त्याच्या जवळचं गाव वेलिंग्टन.

खरं तर वेलस्ली हे आडनाव पण सरळ वंशाने आलेलं नाही. हे घराणं मुळात कॉली. आजोबा रिचर्ड कॉलीला १७२८ मध्ये वेस्ली आडनावाच्या एका नातेवाइकाची इस्टेट मिळाली आणि त्याने आडनाव बदललं, मग १७९८ च्या सुमारास वेस्लीचं वेलस्ली केलं. इस्टेटीसाठी आडनाव बदलणं तिकडे नेहमीचं होतं.

७. किताबाबरोबर जमीन, पैसा मिळाला का? आपल्याकडच्या जहागिरीसारखं?

किताब आणि जमीन या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी. आपल्याकडे सरंजाम म्हणजे मुळात महसूल, तिकडे तोपर्यंत किताब म्हणजे नुसता मान आणि लॉर्ड्समधली सीट उरली होती. पण ड्यूकने ड्यूकसारखं राहायला हवं म्हणून पार्लमेंटने पैसे मंजूर केले, १८१२ मध्ये १ लाख पौंड, १८१४ मध्ये ४ लाख, आणि वॉटर्लूनंतर आणखी २ लाख. त्यातून १८१७ मध्ये हॅम्पशायरमधली स्ट्रॅटफिल्ड से ही इस्टेट घेतली गेली, घराणं अजून तिथेच आहे.

या इस्टेटीचं भाडं म्हणून दरवर्षी १८ जूनला, म्हणजे वॉटर्लूच्या दिवशी, दुपारी बाराच्या आत फ्रान्सच्या तिरंगी झेंड्याची छोटी प्रतिकृती विंडसर कॅसलमध्ये राजाकडे पोचवावी लागते. हे अजून चालू आहे.

लंडनचं ॲप्सली हाऊस याच्यात धरू नका. ते आधी मोठ्या भावाने घेतलं होतं, त्याच्याकडून १८१७ मध्ये आर्थरने विकत घेतलं, आणि १९४७ मध्ये सातव्या ड्यूकने ते देशाला दिलं, आता म्युझियम आहे, काही खोल्या कुटुंबाकडे आहेत. आणि भारतातून? १८०५ मध्ये परत जाताना लुटीतला वाटा वगैरे धरून त्याच्याकडे सुमारे ४२,००० पौंड जमले होते. म्हणजे पुढच्या सगळ्या वैभवाचा पाया इथल्या पैशावर घातला गेला, हे विसरू नये.

८. आजपर्यंत किती ड्यूक झाले? सरळ बापाकडून मुलाकडे गेला का?

नऊ, आणि सरळ नाही गेला. पहिला १८५२ मध्ये वारला. मुलगा आर्थर रिचर्ड दुसरा, त्याला मूल नाही, तो १८८४ ला गेल्यावर पुतण्या हेन्री तिसरा. त्यालाही मूल नाही, १९०० मध्ये त्याचा भाऊ चौथा. चौथ्याचा मुलगा पाचवा (१९३४), त्याचा मुलगा सहावा (१९४१).

सहावा हेन्री व्हॅलेरियन लग्न न झालेला, कमांडो, सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत सालेर्नोजवळ लढाईत मारला गेला, वय ३१. मग किताब मागे फिरला, काकाकडे. मधला काका लॉर्ड रिचर्ड १९१४ मध्येच पहिल्या महायुद्धात पडला होता आणि त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्याच्या पाठचा जेराल्ड, जो आर्किटेक्ट होता, तो सातवा. त्याचा मुलगा आठवा (१९७२ ते २०१४), आणि त्याचा मुलगा नववा. १९४३ ला किताब काकाकडे गेला पण सगळे किताब गेले नाहीत, ते १३ मध्ये.

९. मुलीला हा किताब का मिळत नाही? राणी होऊ शकते तर डचेस का नाही?

सनदेत "देहापासून झालेले पुरुष वारस" अशी अट आहे म्हणून. डचेस ऑफ वेलिंग्टन असते पण ती ड्यूकची बायको म्हणून, स्वतःच्या हक्काने नाही. २०१३ मध्ये राजगादीसाठी मुलगा मुलगी भेद काढला गेला पण तो फक्त गादीपुरता, पिअरेजला तो कायदा लागत नाही. मला स्वतःला हा सरळ अन्याय वाटतो, पण नियम आज तसाच आहे.

अपवाद आहेत, पण ते सनदेतच लिहिलेले असतात. ड्यूक ऑफ मार्लबरोला मुलगा उरला नव्हता तेव्हा पार्लमेंटने खास कायदा करून मुलींना वारस धरलं आणि १७२२ मध्ये त्याची मुलगी हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. वेलिंग्टनच्या बाबतीत तशी तरतूद केलेली नाही.

१०. वारस नसेल तर दत्तक घेऊन किताब चालवता येतो का?

नाही. दत्तक मुलाला इस्टेट मिळू शकते, किताब नाही. मराठी वाचकाला हे पटकन पचत नाही कारण आपल्याकडे दत्तक मुलगा म्हणजे पूर्ण मुलगा, आणि याच मुद्द्यावर १८४८ मध्ये डलहौसीने साताऱ्याचं राज्य खालसा केलं, दत्तक मानला नाही.

त्या डलहौसीच्याच घरात काय झालं ते पण सांगतो. त्याला अर्लपद वडिलांकडून आलेलं आणि मार्क्वेसपद १८४९ मध्ये स्वतः मिळवलेलं. १८६० मध्ये तो वारला तेव्हा त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. मार्क्वेसपद तिथेच संपलं, जुनं अर्लपद चुलत घराण्यात गेलं. दोन किताब, दोन सनदा, दोन वेगळ्या वाटा, ४ मध्ये सांगितलं तेच.

११. लग्नाआधी झालेली मुलं, आईबापांनी नंतर लग्न केलं तर, वारस होतात का?

इंग्लंडच्या नियमाने नाही. १९२६ च्या कायद्याने अशी मुलं बाकी कामांसाठी औरस ठरू लागली पण किताब मुद्दाम त्यातून वगळला. स्कॉटलंडच्या किताबांना वेगळा नियम, तिथे नंतरच्या लग्नाने हक्क येऊ शकतो. याचा वेलिंग्टनच्या घराशी थेट संबंध आहे, पुढचं उत्तर वाचा.

१२. अर्ल ऑफ मॉर्निंग्टन हा मोठ्या भावाचा किताब होता ना, मग तो आता वेलिंग्टनकडे कसा?

मोठा भाऊ रिचर्ड (२ मधला तैनाती फौजवाला) हा दुसरा अर्ल ऑफ मॉर्निंग्टन. एका फ्रेंच बाईपासून, इयासिंत रोलां तिचं नाव, त्याला पाच मुलं झाली आणि त्यानंतर १७९४ मध्ये त्यांनी लग्न केलं. ११ मधल्या नियमाने पाचही मुलं बाद. १८४२ मध्ये रिचर्ड गेला, मार्क्वेस वेलस्ली हा किताब त्याच्यापासूनच सुरू झालेला, तो संपला.

पण मॉर्निंग्टन जुना होता, बापाला १७६० मध्ये मिळालेला, त्यामुळे बापाचे सगळे मुलगे वारसांच्या रांगेत. तो गेला दुसऱ्या नंबरच्या भावाकडे, विल्यमकडे (तोच, ज्याने वेलिंग्टन नाव सुचवलं). १८४५ मध्ये विल्यमचा मुलगा चौथा अर्ल, ज्याने बायकोची प्रचंड इस्टेट उडवून टाकली म्हणून तो बदनाम होता, आणि १८५७ मध्ये नातू पाचवा. १८६३ मध्ये नातू बिनमुलाचा वारला आणि ती पूर्ण शाखा संपली. मग रांगेत पुढचा भाऊ म्हणजे आर्थर, तो तर ११ वर्षांपूर्वीच गेलेला, म्हणून त्याचा मुलगा दुसरा ड्यूक हा सहावा अर्ल ऑफ मॉर्निंग्टन झाला.

म्हणजे गव्हर्नर जनरलचा, घरातल्या थोरल्याचा, बापाकडून आलेला किताब शेवटी धाकट्याच्या घरात येऊन बसला. आयुष्यभर रिचर्ड स्वतःला घरातला मोठा माणूस समजत होता आणि मार्क्वेसपद आयर्लंडचं दिलं, इंग्लंडचं नाही दिलं म्हणून नाराज होता, आणि त्याचा एकही किताब त्याच्या स्वतःच्या मुलाकडे गेला नाही. माणूस म्हणून मला याचं वाईटच वाटतं, जरी आपल्या इतिहासात त्याने जे केलं ते केलं.

१३. १९४३ मध्ये स्पेनचा किताब बहिणीकडे गेला असं वाचलं, ते कसं काय?

बरोबर वाचलंय. १८१२ मध्ये स्पेनने आर्थरला ड्यूक ऑफ सियुदाद रोद्रिगो केलं होतं. सहावा ड्यूक मारला गेला (८ बघा) तेव्हा ब्रिटिश किताब काकाकडे गेले, पण स्पेनच्या नियमाप्रमाणे भाऊ नसेल तर बहिणीला हक्क, म्हणून तो किताब बहीण लेडी ॲन हिला. काही वर्षं एकाच घराण्याचे किताब दोन घरांत विभागलेले होते. १९४९ मध्ये तिने तो आपण होऊन काकाच्या नावे सोडला आणि ते परत एकत्र आले.

पोर्तुगालने पण त्याला काउंट, मार्क्वेस आणि ड्यूक असे तीन किताब दिले होते.

१४. प्रिन्स ऑफ वॉटर्लू म्हणजे राजपुत्र का? आणि बेल्जियममध्ये जमीन अजून आहे?

राजपुत्र नाही, सरदारकीचाच किताब, फक्त नाव प्रिन्स. १८१५ मध्ये नेदरलंड्सच्या राजाने दिला, तेव्हा वॉटर्लू त्याच्या राज्यात होतं. बरोबर हजार हेक्टरच्या आसपास जमिनीचं उत्पन्नही दिलं. १८३० मध्ये बेल्जियम वेगळा देश झाला आणि ती जबाबदारी बेल्जियमच्या गळ्यात पडली, तेव्हापासून तिथल्या राजकारणात अधूनमधून "हे आम्ही किती दिवस चालवायचं" असा वाद होतो.

१५. ड्यूक जिवंत असताना मुलाला "मार्क्वेस ऑफ डूरो" म्हणतात, मग एका वेळी दोन मार्क्वेस झाले का?

नाही. खरा मार्क्वेस बापच असतो. थोरल्या मुलाला बापाचा एक खालचा किताब नुसता वापरायला देतात, नातू असेल तर त्याला आणखी खालचा, इथे अर्ल ऑफ मॉर्निंग्टन. बाकीची मुलं लॉर्ड अमुक, मुली लेडी अमुक. हा रिवाज, कायदा नाही.

त्यामुळे असा मुलगा कायद्याने सामान्य माणूस राहतो आणि निवडणूक लढवू शकतो. दुसरा ड्यूक वडील जिवंत असताना मार्क्वेस ऑफ डूरो म्हणून हाउस ऑफ कॉमन्समध्ये खासदार होता. सध्याचे नववे ड्यूक याच नावाने १९७९ ते १९८९ युरोपियन पार्लमेंटवर होते.

१६. भारतीय माणसाला असा वंशपरंपरागत किताब मिळाला का कधी?

पिअरेजमध्ये एकाला, बंगालचे सत्येंद्र प्रसन्न सिन्हा, १९१९ मध्ये बॅरन सिन्हा ऑफ रायपूर (हे रायपूर बीरभूम जिल्ह्यातलं). १९२८ मध्ये ते वारले, पण मुलाला लॉर्ड्सने वारस म्हणून मान्यता द्यायला १९३९ उजाडलं, कारण आईबापांचं लग्न झालं तेव्हाच्या हिंदू रिवाजात एकाहून जास्त बायका चालत होत्या, मग ते लग्न पिअरेजपुरतं धरायचं की नाही असा प्रश्न काढला गेला.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांना १८५७ मध्ये बॅरोनेट केलं, तो पिअरेजच्या खालचा. तिथे १८६० च्या कायद्याने अशी अट घातली की जो वारस होईल त्याने जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचं.

१७. ड्यूक असल्यामुळे आपोआप हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसता येतं का?

१९९९ पर्यंत येत होतं. पहिला ड्यूक तर १८२८ ते १८३० पंतप्रधान पण होता, लॉर्ड्समध्ये बसूनच. १९९९ च्या कायद्याने वंशपरंपरागत सदस्यांना काढलं, फक्त ९२ जागा ठेवल्या. आठव्या ड्यूकची सीट तेव्हा गेली. नववे ड्यूक २०१५ मध्ये त्या ९२ पैकी रिकाम्या झालेल्या जागेवर पोटनिवडणुकीतून आले, आणि २०२१ मध्ये नद्यांमध्ये सांडपाणी सोडण्याविरुद्ध त्यांनी मांडलेली दुरुस्ती बरीच गाजली. २०२४ मध्ये या उरलेल्या जागा पण काढून टाकण्याचं विधेयक सरकारने आणलं. सीटचं काहीही झालं तरी किताबाला धक्का लागत नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी.

१८. किताब नको असेल तर सोडता येतो? आणि विकता येतो का?

१९६३ च्या कायद्याने सोडता येतो, वारसा आल्यापासून एका वर्षात. पण तो फक्त त्या माणसापुरता सुटतो, तो गेल्यावर पुढच्या वारसाकडे किताब परत जिवंत होतो. विकता मुळीच येत नाही. इंटरनेटवर "लॉर्ड बना" म्हणून सर्टिफिकेट विकतात, त्याचा पिअरेजशी काडीचा संबंध नाही, पैसे घालवू नका.

१९. मुंबईचा विलिंग्डन क्लब आणि सांगलीचं विलिंग्डन कॉलेज याच्याच नावाचं ना?

नाही! तो लॉर्ड विलिंग्डन, वेगळा माणूस, वेगळा किताब, शंभर वर्षांनंतरचा. तो १९१३ ते १९१८ मुंबईचा गव्हर्नर आणि पुढे व्हाइसरॉय होता. तो पण बॅरनपासून चढत मार्क्वेसपर्यंत पोचला, पण मुलाला मूल नसल्यामुळे १९७९ मध्ये तो किताब संपला.

वेलिंग्टनच्या नावाचं मुंबईत खरोखर आहे ते रीगल सिनेमासमोरच्या चौकातलं कारंजं. १८०१ आणि १८०४ मध्ये आर्थर मुंबईत आला होता त्याची आठवण म्हणून १८६५ मध्ये ते बांधलं. आता चौकाचं नाव श्यामाप्रसाद मुखर्जी चौक, पण जुने लोक वेलिंग्टन सर्कल म्हणायचे ते यामुळे. निलगिरीतली वेलिंग्टन छावणी पण याच्याच नावाची.

२०. पुढे कधी पुरुष वारसच उरला नाही तर हे सगळे किताब संपतील?

सगळे नाही, आणि यात बरेच जण चुकतात. वेलिंग्टन आणि डूरो नावाचे सगळे किताब पहिल्या ड्यूकपासून सुरू झाले, त्यामुळे त्याच्या पुरुष वंशात कोणीही उरलं नाही तर ते संपतील. स्पेनचा मुलीकडे जाऊ शकेल. पण मॉर्निंग्टन, १२ मध्ये सांगितल्याप्रमाणे, बापाच्या नावचा. आर्थरला हेन्री नावाचा धाकटा भाऊ होता, त्याच्या वंशात अर्ल काउली हा वेगळा किताब चालू आहे, आणि ते घराणं त्याच बापाचं पुरुष वंशातलं. म्हणून तशी वेळ आली तर मॉर्निंग्टन तिकडे जाईल आणि अर्ल काउली हे अर्ल ऑफ मॉर्निंग्टन पण होतील.